बेटकास्टिंग रीलवरचे नॉब, ब्रेक आणि बटणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासे गरवायला हातदोरी किंवा स्पिनिंग रील (रॉडला लावलेलं लाईन गुंडाळायचं यंत्र) सोडून बेटकास्टिंग रीलकडे वळलेल्या मित्रांचा पहिल्या आठवड्यातच फोन येतो, "लाईनीचा गुंता झालाय, रील बिघडलं का?" रील बहुधा ठणठणीत असतं. त्यावरच्या प्रत्येक नॉबची कामाची वेळ वेगळी असते आणि नेमकी तीच गोष्ट खोक्यातल्या कागदावर सापडत नाही. तळ्यातली मरळ आणि खाडीतला जिताडा गरवताना हे रील जसं हाताला उमगत गेलं, तसं इथे लिहिलं आहे.

स्पिनिंग रील चांगलं चालतंय, मग हे कशासाठी घ्यायचं?

स्पिनिंग रीलचा स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली चकरी, जागेवर स्थिर असतो आणि लाईन त्याच्या कडेवरून वेटोळी होऊन सुटते. इथे स्पूल स्वतः फिरतो आणि लाईन सरळ निघते. फिरणाऱ्या स्पूलवर तुमचा अंगठा असतो, त्यामुळे लुअर (खोटं आमिष) हवेत असतानाच त्याचा वेग आवरता येतो आणि तो हव्या त्या जागी अलगद उतरवता येतो. कमळाच्या पानांमध्ये परातीएवढं मोकळं पाणी आहे आणि फ्रॉग, म्हणजे बेडकासारखा लुअर, तिथेच पडायला हवा, अशा वेळी याची किंमत कळते.

दुसरं कारण ताकदीचं. मरळ फ्रॉग तोंडात घेऊन सरळ गवतात शिरते. तिला पाणवनस्पतीच्या ओझ्यासकट ओढून काढावं लागतं. 50 पौंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड (धाग्यांनी विणलेली) लाईन, आखूड भक्कम रॉड आणि बेटकास्टिंग रील ही जोडी त्यासाठीच आहे.

लुअर 7 ग्रॅमच्या आतला असेल तर मात्र स्पिनिंगच वापरा. साधा बेटकास्टिंग स्पूल फिरवण्याइतकी ओढ त्या वजनात नसते. हलक्या लुअरसाठी बीएफएस नावाची उथळ आणि अगदी हलक्या स्पूलची वेगळी रील मिळतात, पण पहिलं रील म्हणून ती घेऊ नका.

फेकताना लाईनीचा गुंता का होतो?

संक्रांतीला फिरकी धरली असेल तर हे लगेच कळेल. ढील देताना पतंग थबकला आणि फिरकी मात्र फिरतच राहिली, की मांजा लोंबतो आणि गुंततो. इथेही तसंच घडतं. लुअर लाईन ओढतो त्यापेक्षा स्पूल जास्त वेगाने फिरायला लागला, की सुटलेली लाईन स्पूलवरच सैल होऊन फुगते आणि पुढच्या वेटोळ्यांखाली अडकते. यालाच बॅकलॅश म्हणतात.

हे दोन वेळा होऊ शकतं. एक सुरुवातीला, हिसका देऊन फेकल्यामुळे स्पूल एकदम उसळतो तेव्हा. दुसरं शेवटी, हवेच्या अडथळ्याने लुअरचा वेग उतरतो किंवा तो पाण्याला टेकतो, पण स्पूलला ते कळत नाही तेव्हा. गुंता नेमका कधी झाला हे आधी ओळखा. कोणता नॉब फिरवायचा ते त्यावरच ठरतं.

हँडलच्या बाजूला जो छोटा गोल नॉब आहे, तो कशासाठी?

तो स्पूल टेन्शनचा नॉब. चांदणीसारखा दिसतो तो ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाईन किती जोराला सुटावी ते ठरवणारा, त्याच्याशी गल्लत करू नका. टेन्शन नॉब स्पूलच्या दांड्याला टोकाकडून दाबतो. किती दाबायचा, याच्या दोन पद्धती आहेत.

जुनी पद्धत अशी: लुअर बांधा, रॉडच्या टोकापासून वीतभर खाली लोंबू द्या, रॉड आडवा धरा आणि थंब बार (स्पूल मोकळा करणारी अंगठ्याची पट्टी) दाबा. लुअर सावकाश खाली यायला हवा आणि जमिनीला टेकला की स्पूलही तिथेच थांबायला हवा. टेकल्यावरही स्पूल फिरत राहिला तर नॉब किंचित आवळा. लुअर खाली उतरतच नसेल तर सैल करा.

नवी पद्धत: नॉब सैल करून स्पूल अंगठ्याने डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. बारीक खटखट लागेल. आता ती खटखट जेमतेम थांबेल इतकाच नॉब आवळा आणि नंतर त्याला हात लावू नका. बाकीचं काम ब्रेकवर सोपवा.

माझा सल्ला असा, की पहिले चार-पाच दिवस जुनी पद्धत, मग नवी. कारण हा नॉब सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखाच दाब देतो. गुंत्याच्या भीतीने तो करकचून आवळला तर गुंता थांबतो खरा, पण लुअरही पंधरा-वीस पावलांवर पडतो आणि लोकांना वाटतं रीलच कमअस्सल आहे.

मॅग्नेटिक ब्रेक चुंबकावर चालतो म्हणता, पण स्पूल तर अॅल्युमिनियमचा. त्याला चुंबक कुठे चिकटतो?

चिकटत नाही आणि इथे चिकटायची गरजही नाही. चुंबकाजवळून धातू वेगाने फिरला की त्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात. त्या प्रवाहांचं चुंबकत्व फिरण्याला विरोध करतं आणि स्पूल मंदावतो. कशालाही घासणं नाही, त्यामुळे झीजही नाही. स्पूल जितका जोरात फिरेल तितका विरोध जास्त, स्पूल थांबला की विरोध संपला.

हँडलच्या विरुद्ध बाजूला आकडे असलेली जी चकती असते, ती फिरवल्यावर चुंबक स्पूलच्या जवळ किंवा लांब सरकतात. 0 ते 10 आकडे असतील तर 8 वर सुरुवात करा. गुंता न होता दहा फेका नीट गेल्या की 7 वर या. पुन्हा दहा फेका, मग 6. गुंत्याची चाहूल लागली की एक आकडा मागे. वारा समोरून असेल तर दोन-तीन आकडे वाढवा आणि लुअर उंच न फेकता पाण्यालगत सोडा. लुअर बदलला की हा हिशेब पुन्हा करायचा. 18 ग्रॅमच्या फ्रॉगला जो आकडा चालला, तो 10 ग्रॅमच्या क्रँकबेटला (ओढला की पाण्याखाली जाणाऱ्या लुअरला) चालणार नाही.

माझ्या रीलवर आकडेच नाहीत. ब्रेक आहे की नाही?

बहुतेक आहे, आत आहे. हँडलच्या विरुद्ध बाजूची झाकणपट्टी उघडा. स्पूलच्या टोकाशी किंवा झाकणाच्या आत चक्राच्या आऱ्यांसारखे छोटे प्लास्टिकचे ठोकळे दिसतील. हा सेंट्रिफ्युगल ब्रेक.

गोफण फिरवताना दगड बाहेर ओढ घेतो, तसे स्पूल फिरायला लागला की हे ठोकळे बाहेर सरकतात आणि भोवतालच्या कड्याला घासतात. वेग दुप्पट झाला की बाहेरची ओढ चौपट होते. म्हणून हा ब्रेक फेकण्याच्या सुरुवातीला, स्पूल सर्वांत जोरात असतो तेव्हा, घट्ट पकडतो आणि वेग उतरताच जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे लुअर लांब जातो. पण शेवटच्या टप्प्यात हा तुमच्या मदतीला नसतो, तिथे अंगठाच लागतो.

6 ठोकळे असतील तर सुरुवातीला 4 चालू ठेवा. चालू ठेवताना समोरासमोरच्या जोड्याच निवडा, नाहीतर स्पूलचा तोल जाऊन तो थरथरतो. बऱ्याच नव्या रीलवर आतले ठोकळे एकदा लावून पुढची बारीक फिरवाफिरवी बाहेरच्या चकतीने करता येते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: त्या कड्यावर तेल घालू नका. तेलाने ब्रेक निसटतो आणि त्या दिवशी गुंत्यावर गुंता होतो.

काही रीलमध्ये दोन्ही ब्रेक असतात. तिथे आतल्याने सुरुवात सांभाळायची आणि बाहेरच्या चुंबकाने शेवट.

नवीन रील पहिल्यांदा कसं लावायचं?

पाण्यावर जाऊ नका, मैदानावर जा. हुक काढलेला लुअर किंवा 15 ग्रॅमचं साधं वजन बांधा. लाईन स्पूलच्या कडेपर्यंत भरू नका, 2-3 मिलिमीटर जागा मोकळी ठेवा. टेन्शन नॉब लावा, ब्रेक चढा ठेवा, रॉड सावकाश आणि सलग फिरवून फेका. हिसका नको. रॉडला वाकू द्या, वजन तोच फेकतो.

एक उपाय मला फार उपयोगी पडला. तुमची सर्वांत लांब फेक करा. तिथून आणखी पाच-सात मीटर लाईन हाताने ओढून काढा आणि स्पूलवर उरलेल्या लाईनीवर इलेक्ट्रिशियनच्या चिकटपट्टीचा एक वेढा द्या. मग लाईन परत गुंडाळा. आता कितीही वाईट गुंता झाला तरी तो पट्टीच्या खाली जात नाही. हात बसला की पट्टी काढून टाका.

अंगठा नक्की कुठे आणि कधी ठेवायचा?

फेकण्याआधी अंगठ्याचा गुबगुबीत भाग लाईनीवर किंचित तिरका ठेवा, म्हणजे त्याची एक कड स्पूलच्या धातूच्या काठालाही लागेल. थंब बार दाबल्यावर स्पूल मोकळा होतो, तेव्हा तो फक्त अंगठ्याने धरलेला असतो. लुअर सुटला की अंगठा उचला, पण फार लांब नेऊ नका. कागदाच्या जाडीएवढं अंतर पुरे. लुअर हवेत असताना लाईन स्पूलवर फुगायला लागली तर ती अंगठ्याला सर्वांत आधी लागते. पंखाने स्पर्श करावा तेवढाच दाब द्या, ती परत बसते. लुअर पाण्याला टेकण्याच्या क्षणभर आधी स्पूल पूर्ण थांबवा.

हे सगळे ब्रेक अंगठ्याचे मदतनीस आहेत. जसजसा अंगठा शिकतो तसतसे ते कमी करता येतात आणि फेक लांबत जाते.

डीसी रील म्हणजे काय? महाग आहे, घ्यावं का?

डीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल. शिमानो कंपनीने 2003 साली कॅलकटा कॉन्क्वेस्ट डीसी या रीलमध्ये ते पहिल्यांदा आणलं. स्पूल फिरताना त्याची वीज तोच तयार करतो, बॅटरी लागत नाही. आतली चिप स्पूलचा वेग सतत मोजते आणि त्या त्या क्षणी लागेल तेवढाच ब्रेक लावते. फेकताना येणारा बारीक किणकिणता आवाज त्याचाच. चार टप्पे असलेल्या रीलमध्ये 1 वर ब्रेक सर्वांत कमी आणि 4 वर सर्वांत जास्त. वाऱ्याच्या दिवशी 3 किंवा 4 ठेवा.

खाडीच्या तोंडाशी रोज समोरून वारा झेलत जिताडा गरवणाऱ्यांना हे खरंच फायद्याचं आहे. रात्रीच्या मासेमारीतही, कारण अंधारात लुअर कधी टेकतो ते दिसत नाही. पण सकाळच्या शांत तळ्यावर मरळीसाठी एवढे पैसे घालण्यापेक्षा साधं चांगलं रील घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला रॉड घ्या. आणि हो, डीसी असलं तरी टेन्शन नॉब लावावाच लागतो आणि पाण्याला टेकताना अंगठाही लागतोच.

गुंता झालाच, तर सोडवायचा कसा?

सर्वांत आधी लाईन जोरात ओढायची नाही. ओढलीत की वेटोळं गाठीत बदलतं.

ड्रॅग आवळा. अंगठा स्पूलवर घट्ट दाबा, नख पांढरं पडेल इतका, आणि तो तसाच ठेवून हँडल दोन-तीन फेरे फिरवा. दाबाखाली फुगलेली वेटोळी चपटी होतात. आता थंब बार दाबा आणि लाईन हळूच बाहेर ओढा. सरसर येईल, मग अडेल. अडली की पुन्हा अंगठा, पुन्हा दोन फेरे, पुन्हा ओढा. दहापैकी आठ गुंते एवढ्यावर सुटतात.

उरलेल्या दोनांसाठी स्पूलकडे नीट बघा. लाईन जिथे अडली आहे तिथे तिच्यावरून आडवं गेलेलं एक वेटोळं दिसेल. ते नखाने किंवा दातकोरणीने उचलून बाहेर काढा, मग मूळ लाईन ओढा. सुई वापरू नका, ब्रेडेड लाईनीचे धागे उसवतात. कात्री अगदी शेवटी.

गिअर रेशोचे आकडे काय सांगतात?

7.1:1 म्हणजे हँडलचा एक फेरा झाला की स्पूलचे 7.1 फेरे होतात. पण हातात किती लाईन येते ते स्पूलच्या घेरावरही ठरतं. भरलेला स्पूल 34 मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचा घेर साधारण 10.7 सेंटिमीटर. म्हणजे 7.1 रेशोवर एका फेऱ्यात जवळपास 76 सेंटिमीटर, 5.4 वर सुमारे 58 आणि 8.1 वर 86 च्या आसपास. लाईन बाहेर गेली की घेर कमी होतो आणि हे आकडेही उतरतात.

खोल जाणारा क्रँकबेट पाण्याला जोरात अडतो, त्याला कमी रेशो बरा, हात दुखत नाही. फ्रॉगला 7 च्या पुढचा, कारण मरळीने फ्रॉग घेतल्यावर सैल लाईन पटकन गोळा करावी लागते. एकच रील घ्यायचं असेल तर 7 च्या आसपासचं घ्या.

मरळीचं निघालंच आहे तर सांगतो. पाण्यावर पिल्लांचा लालसर थवा बुडबुडताना दिसला तर खाली आई-बाप राखण करत असतात. ते पिल्लांच्या रक्षणासाठी फ्रॉगवर हमखास झेपावतात. तिथे फ्रॉग टाकू नका. राखण करणारी मरळ उचलली की इतर मासे तो थवा बघता बघता संपवतात.

चांदणीसारखा ड्रॅग किती आवळायचा?

लाईन तुटते त्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश. 30 पौंडांची लाईन म्हणजे साधारण 13.6 किलो, तर ड्रॅग साडेतीन ते साडेचार किलोला सुटायला हवा. प्रवासाच्या बॅगेचं वजन करायचा हुकाचा काटा लाईनीच्या टोकाला अडकवा, रॉड माशाशी झुंजताना धरतात तसा धरा आणि कुणाला तरी काटा ओढायला सांगा. अंदाजाने हाताने ओढून बघितलेला ड्रॅग जवळजवळ नेहमी चुकीचा निघतो.

जिताड्याला हाच नियम लावा. तो उड्या मारतो आणि त्याच्या कल्ल्यांच्या कडा धारदार असतात, म्हणून पुढे जाड लीडरही (लाईनीच्या टोकाला जोडलेला तुकडा) हवा. गोव्याकडे चोणक म्हणतात तोच हा मासा. दाट गवतातल्या मरळीला मात्र ड्रॅग जवळपास पूर्ण आवळतात, कारण तिला एक हात लाईन दिली तरी ती गवतात रुतून बसते. तिथे लाईनही तशीच जाड असते.

क्लिकर, फ्लिपिंग स्विच, लाईन काउंटर... हे लागतात का?

क्लिकर गोल आकाराच्या रीलवर असतो. आमिष लावून रॉड ठेवून दिला, स्पूल मोकळा सोडला आणि क्लिकर चालू केला की माशाने लाईन ओढताच कर्रकर्र आवाज येतो. लुअर फेकताना तो बंद ठेवा. फ्लिपिंग स्विच चालू असेल तर थंब बार सोडताच स्पूल पकडला जातो, हँडल फिरवावं लागत नाही. जवळच्या झुडपांत पुन्हा पुन्हा लुअर सोडणाऱ्यांसाठी तो होता, आता फार थोड्या रीलवर दिसतो. किती लाईन बाहेर गेली ते दाखवणारा लाईन काउंटर होडीतून लुअर ओढत नेणाऱ्यांच्या कामाचा. त्याचा आकडा स्पूल पूर्ण भरलेला असेल तेव्हाच भरवशाचा.

लाईन डावी-उजवीकडे सरकवणारा तो भाग बिघडतो का?

तो लेव्हल वाइंड. एकोणिसाव्या शतकात केंटकीमधले घड्याळजी ही रील हाताने घडवायचे, तेव्हा लाईन बोटाने सारखी पसरवावी लागे. हे काम आपोआप करणारी रचना अमेरिकेतल्या मिशिगनच्या कॅलमझू गावात विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर यांनी लोकांपर्यंत आणली. नाटककार शेक्सपिअरशी नाव जुळतं, एवढंच.

तो बिघडतो तो वाळूने. खालच्या नागमोडी खाचांच्या दांड्यात वाळूचा एक कण अडकला की करकर ऐकू येते. जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा आणि तेलाचा एकच थेंब सोडा. दाइवाच्या काही रीलवर इंग्रजी टी अक्षरासारखी फट असते: फेकताना रुंद भाग समोर येतो, गुंडाळताना अरुंद. त्यामुळे लाईन घासणं कमी होतं.

डाव्या हँडलचं घ्यावं की उजव्या?

विकत घेण्याआधी ठरवा, कारण स्पिनिंग रीलसारखं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येत नाही. उजव्या हाताने फेकून डाव्या हाताने गुंडाळणार असाल तर डाव्या हँडलचं घ्या. फेकल्यावर रॉड या हातातून त्या हातात द्यावा लागत नाही, आणि फ्रॉग पडताक्षणीच मरळ घेते तेव्हा तो अर्धा सेकंद फार मोठा असतो.

5+1 बेअरिंग म्हणजे काय?

पाच साधी बेअरिंग आणि एक हँडलला उलट फिरू न देणारी. आकडा मोठा म्हणून रील चांगलं, असं नसतं. स्पूलला धरणारी दोन बेअरिंग चांगल्या प्रतीची आहेत का, ते बघा. हँडल मागे सरकायला लागलं असेल तर बहुतेक त्या "+1" मध्ये जास्तीचं तेल गेलेलं असतं. ती साफ करून घेतली की पुन्हा पकडते.

ड्रॅग पूर्ण आवळला तरी स्पूल फिरतो आणि मासा लाईन नेतो. का?

बहुतेक वेळा स्पूल फिरत नसतो. ब्रेडेड लाईनीचा अख्खा गठ्ठा गुळगुळीत स्पूलवरून घसरत असतो. आधी स्पूलवर साध्या मोनो (एकाच अखंड धाग्याच्या) लाईनीचे दहा-बारा वेढे घ्या, त्यावर ब्रेडेड लाईन बांधा. तरीही ड्रॅग सुटत असेल तर आतल्या चकत्यांना तेल लागलं असेल. त्या चकत्यांना ड्रॅगचं खास ग्रीसच चालतं, दुसरं काही नाही.

खाऱ्या पाण्यावरून आल्यावर काय करायचं?

त्याच रात्री, सकाळवर ढकलू नका. ड्रॅग आवळा, नळाची बारीक धार सोडून किंवा ओल्या फडक्याने मीठ काढा. बादलीत बुडवू नका आणि जोराचा फवारा मारू नका, त्याने खारं पाणी आत ढकललं जातं. फडक्याने पुसा, झाकणपट्टी उघडून स्पूल बाहेर काढा आणि सावलीत वाळू द्या. वाळल्यावर स्पूलच्या दोन्ही बेअरिंगवर पातळ तेलाचा एकेक थेंब, लेव्हल वाइंडच्या दांड्यावर एक, हँडलच्या मुठींवर एक. मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या खेपेला पहिल्याच ओढीला झटके देतात.